व्होलाप्यूक : एका रचलेल्या भाषेचे उच्चार व लेखन

जर्मनींतील एका शेतकऱ्याचा मुलगा अमेरिकेंत गेला होता. बापानें धाडलेलीं पत्रें परत येत. कारण पत्त्यांतील इंग्रजी नांवें त्यानें कानांस जशीं ऐकूं आलीं तशीं लिहिलीं होतीं, आणि तिकडील टपालवाल्यांस तीं उमगत नसत. ही हकीकत ऐकून योहान मार्टिन श्लायर या कॅथलिक धर्मगुरूंच्या मनांत प्रथम जगाच्या लिपीचा व मग जगाच्या भाषेचा विचार आला, असें सांगतात. हकीकत खरी असो वा नसो, १८७९ सालीं बाडेन प्रांतांत श्लायर यांनीं एक नवी भाषा रचली, हें मात्र खरें. तिचें नांव व्होलाप्यूक.

'व्होल' म्हणजे जग, 'प्यूक' म्हणजे भाषा, आणि मधला 'आ' हा षष्ठीचा प्रत्यय. इंग्रजींतील 'वर्ल्ड' व 'स्पीक' यांचींच हीं छाटलेलीं रूपें होत. बरेचसे शब्द असे इंग्रजींतून घेतले खरे, पण ते मायभाषेस ओळखूं येऊं नयेत इतके बदलले. 'र' हा वर्ण चिनी लोकांस, मुलांस व वृद्धांस जड जातो म्हणून तो बहुतेक गाळला. त्यामुळें 'फायर'चा 'फिल' झाला, 'फ्रेंड'चा 'फ्लेन'. 'स' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून त्या वर्णांत नाम संपूं नये. तेव्हां 'रोझ' म्हणजे गुलाब, त्याचें झालें 'लोल'! विभक्ति मात्र आमच्या विद्यार्थ्यांस सोप्या वाटतील : 'डोम' म्हणजे घर, 'डोमा' घराचें, 'डोमे' घरास.

लेखनाचा हेतु असा कीं, अक्षर पाहतांच उच्चार कळावा. आघात नेहमीं शेवटच्या अक्षरावर. 'जे' या अक्षराचा उच्चार 'श', 'सी'चा 'च' किंवा 'ज'. म्हणजे आमच्या एखाद्या जोशांनीं आपलें नांव 'सी, ओ, जे, आय' असें लिहावें! 'झेड'चा उच्चार 'त्स'. इंग्रज मुलांस शब्दाच्या आरंभीं हा ध्वनि अवघड जातो. आपलें मूल तर 'चाक', 'चूल' म्हणतांना तो रोज उच्चारतें. उलट डोक्यावर दोन टिंबें असलेले स्वर आपणांस नवे आहेत. जीभ 'ई'च्या जागीं ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करावे, म्हणजे 'प्यूक' शब्दांतील खरा स्वर निघेल. घरीं आरशापुढें करून पाहावें. वडील मंडळींनींहि पाहण्यास हरकत नाहीं.

परंतु जगाची म्हणविणाऱ्या या भाषेंत 'त' व 'ट' यांस एकच अक्षर आहे. 'पात' आणि 'पाट' तेथें सारखेच लिहावे लागतील. 'ळ'चें तर नांवच नाहीं. रचणाऱ्याच्या कानांत जे ध्वनि होते तेवढेच त्याच्या वर्णमालेंत आले. आपणहि याबाबतींत फारसा अभिमान बाळगूं नये. मराठी बोलावी तशी लिहितात असें आपण म्हणतों. पण 'जरा' म्हणजे थोडें आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, यांतील 'ज' एकच काय? आमच्या नागपूर-वऱ्हाडाकडे 'डोळा' हा शब्द कित्येक घरीं 'डोया' असा ऐकूं येतो, आणि मूल श्रुतलेखनांत तसेंच लिहितें. त्यास शुद्ध रूप शिकविलेंच पाहिजे. पण त्यावरून त्याला अडाणी ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. त्याचा कान चोख आहे. फक्त त्याच्या घरची बोली आणि पुस्तकाची भाषा एक नाहीं, एवढेंच.

व्होलाप्यूकचा उत्कर्ष अल्पकाळच टिकला. १८८९ सालीं पॅरिस येथील परिषदेचें कामकाज त्याच भाषेंत झालें. पण सुधारणा कोणी कराव्या यावरून वाद माजला. शेवटचा शब्द आपलाच, असा श्लायर यांचा आग्रह होता. १८८७ सालीं वॉर्सा येथील डॉक्टर झामेनहोफ यांनीं एस्पेरांटो प्रसिद्ध केली होती. तींत टिंबांचे स्वर नव्हते आणि 'र' होता. पुष्कळ अनुयायी तिकडे गेले. १९३१ सालीं आरी डे योंग या डच वैद्यांनीं व्होलाप्यूकची डागडुजी करून 'र' परत आणला. तोंवर ती बोलणारे फार थोडे उरले होते.