गुहागर–विजापूर रस्ता



आपल्या पाटण तालुक्यातून कराडला जायचं असो की चिपळूणला, एस.टी. एकाच रस्त्याने धावते. आपण त्याला नुसता 'मोठा रस्ता' म्हणतो. पण हा रस्ता रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकाठच्या गुहागरला सुरू होतो आणि कर्नाटकातल्या विजापूरला जाऊन पोहोचतो, हे कितीजणांना माहीत आहे? चला तर, आज त्याची माहिती घेऊ.

रस्ता कोठून कोठे जातो?

गुहागरहून सुमारे ४५ किलोमीटरवर चिपळूण लागते. तिथून वाशिष्ठी नदीच्या खोऱ्यातून शिरगाव, पोफळी करत रस्ता सह्याद्रीच्या पायथ्याशी येतो. मग कुंभार्ली घाट. घाट चढून वर आलं की हेळवाक, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ आणि कराड. कराडला कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन भेटतात. त्या प्रीतिसंगमावर महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. पुढे ओगलेवाडी, कडेगाव, विटा, जत असे करत रस्ता विजापूरला जातो. सुरुवातीला नारळी-पोफळीच्या बागा, मधे भाताची खाचरं, कराडला ऊस आणि शेवटी ज्वारीची कोरडवाहू रानं! एकाच रस्त्यावर किती तऱ्हेचा मुलूख!

जुना काळ

कऱ्हाड हे फार जुने गाव. मध्य प्रदेशातल्या भारहुत येथील दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांतही त्याचे नाव आले आहे. कोकणच्या बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घालून घाट चढायचा आणि देशावर जायचा. मीठ, सुकी मासळी, नारळ वर येई. धान्य, गूळ, मिरची खाली जाई. या वाटेवर नजर ठेवायला किल्ले होते. चिपळूणजवळ गोवळकोट, पाटणजवळ दातेगड, कराडच्या अलीकडे वसंतगड. दातेगडावर तलवारीच्या आकाराची विहीर आहे, ती जरूर पाहावी.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात घाट फोडून गाडीरस्ता झाला. चिपळूणच्या गोवळकोट धक्क्याला गलबते लागत आणि तिथून गाड्या भरून निघत. पुढे १८९० च्या सुमारास पुणे–मिरज–लोंढा रेल्वे पुरी झाली. मग देशावरचा बराच माल रेल्वेने जाऊ लागला आणि या वाटेचा जुना रुबाब कमी झाला. पण रस्ता काही ओस पडला नाही.

घाटाला वळणं का असतात?

घाटात गाडी लागते तेव्हा वाटतं, सरळ रस्ता का केला नाही? एक साधा प्रयोग करा. एक आखूड फळी आणि एक लांब फळी घ्या. दोन्ही एकाच पायरीला टेकवून ठेवा आणि त्यांवरून भरलेली खेळण्यातली गाडी ओढा. आखूड फळीवर जोर लागतो, लांब फळीवर गाडी सहज चढते. उंची तेवढीच, पण अंतर वाढलं की चढ कमी होतो. डोंगरावर एवढी लांब फळी सरळ कशी ठेवणार? म्हणून रस्ता वळवून वळवून लांब करतात. हेच घाटाचे मर्म!

डोंगराच्या पोटातला दुसरा रस्ता

घाटमाथ्यावर आणखी एक गंमत आहे. पश्चिमेच्या उतारावर पडलेला पाऊस वाशिष्ठीला मिळतो व अरबी समुद्रात जातो. पूर्वेच्या उतारावरचा पाऊस कोयनेला मिळतो, कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे दोन शेजारी थेंब, पण घरं मात्र दोन टोकांना!

माणसाने ही गोष्ट थोडी बदलली. कोयनेवर धरण बांधून तिचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला नेले. ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला पडते आणि त्यावर वीज तयार होते. हे वीजघर डोंगराच्या पोटात असून १९६२ मध्ये सुरू झाले. पुढचे टप्पे होत होत कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट झाली. वीज करून झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत जाते. आपण वरून वळणं घेत उतरतो आणि पाणी आतून उतरते. ज्या उंचीने बैलांचा जीव काढला, त्याच उंचीने महाराष्ट्रात दिवे लावले!

याची किंमत

पण हे फुकट झाले नाही. शिवसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली. घरं, शेतं, देवळं सोडून लोक उठले आणि कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या पहाटेविषयी विचारा, ती सांगतील. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण पुराच्या पाण्यात बुडाले आणि आपल्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे दगावली. तेव्हा दिवा लावताना आणि गाडीत बसताना या लोकांची आठवण ठेवावी.

दगडाचा रंग ओळखा

किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर तो राज्यमार्ग आणि पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. आपला रस्ता पूर्वी राज्यमार्ग होता. आता तो राष्ट्रीय महामार्ग १६६-ई आहे. गावाला जोडणारे छोटे ग्रामीण रस्ते मात्र आपल्या जिल्हा परिषदेकडे असतात.

आपण काय करावे?

घाटरस्त्याचा खरा शत्रू म्हणजे तुंबलेले पाणी. डोंगराच्या बाजूचे गटार आणि खालच्या मोऱ्या मोकळ्या असल्या तर पाणी निघून जाते. त्या तुंबल्या की पाणी मुरते, माती ढिली होते, रस्ता खचतो. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, नारळाच्या करवंट्या गटारात टाकू नका. पावसात दरडीखाली गाडी थांबवून धबधबा पाहू नका. डोंगराला नवी भेग दिसली, झाडं तिरकी झाली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर लगेच मोठ्या माणसांना सांगा. पालकहो, मुलाने असे सांगितले तर "गप बस" म्हणू नका. आधी जाऊन पाहा आणि ग्रामपंचायतीला कळवा.

रस्ता सरकार बांधते, पण त्यावरून रोज आपण जातो. म्हणून त्याच्यावर नजर आपलीच हवी!