हिशेबाबाहेरचे धान्य

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेला हिवाळा आखूड आणि सौम्य. कार्तिक सरता सरता उत्तरेकडचे वारे सुरू होतात, आकाश निरभ्र होते, रात्री जमीन भराभर निवते आणि निफाडसारख्या ठिकाणी पहाटेचा पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. कोकणपट्टीत मात्र समुद्राच्या सान्निध्यामुळे अंगावर एक शाल घेतली की थंडीचा बंदोबस्त होतो. असा हा जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा ऋतू. तथापि आपल्या घरगुती पाकशास्त्राने त्याच्यावर जितकी माया केली आहे, तितकी चार महिने मुक्काम ठोकणाऱ्या पावसाळ्यावरही केलेली नाही. थंडीत भूक वाढते एवढे सांगून या मायेचा उलगडा होत नाही. इतर ऋतूंत आपण साठवणीचे धान्य खातो. हिवाळ्यात मात्र ज्वारीचा हुरडा, हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे हिरवे दाणे, वालाच्या ओल्या शेंगा असे कितीतरी जिन्नस धान्यपदाला पोहोचण्यापूर्वीच आपल्या ताटात येतात. खळ्यावर रास पडून तिची मोजदाद होण्याआधी, सावकाराचा, व्यापाऱ्याचा किंवा सरकारचा हात तिला लागण्याआधी, शेतकऱ्याने आपल्या गणगोतासाठी उचललेला हा वाटा कोणत्याही दफ्तरात नोंदलेला नसतो, आणि हिवाळी जेवणातील समाधानाचे मूळ मला या बिननोंदीच्या वाट्यातच दिसते.

आयुर्वेदालाही हिवाळ्यातले हे नवे अन्न परके नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचे जे विवेचन आहे, त्यात हेमंताच्या शीत वायूने शरीरातील उष्मा आतल्या आत कोंडला जातो व जठराग्नी प्रबळ होतो, त्याला पुरेसे इंधन न मिळाल्यास तो देहातील रसच जाळू लागतो, असे सांगून स्निग्ध, आंबट व खारट पदार्थ, गोरस, उसाच्या रसापासून केलेले पदार्थ आणि नव्या तांदळाचा भात यांची अनुज्ञा दिली आहे. एरवी जुने धान्य पचायला हलके म्हणून त्याची शिफारस करणारे शास्त्र याच ऋतूत नव्या धान्याला मोकळीक देते, ही बाब मला फार अर्थपूर्ण वाटते.

या नव्या अन्नात अग्रपूजेचा मान हुरड्याचा. दख्खनच्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी खोलवर मुरून राहते, आणि भाद्रपद-आश्विनात पेरलेला शाळू, वरून थेंबभर पाऊस न पडताही, त्या ओलीवर वाढतो. पीक पोटरीत येते, निसवते, दाण्यात दुधासारखा चीक भरतो, आणि तो चीक आटून दाणा घट्ट होण्यापूर्वी, बोटांत दाबला असता मऊ पण फुटणार नाही असा होतो, तेव्हा शेत हुरड्यात आले असे म्हणतात. ही अवस्था मोजके दिवसच टिकते. दाण्यातल्या साखरेचे पिठात रूपांतर झाले की गोडी गेली, मग कितीही भाजले तरी हाती येतो तो केवळ भाजलेला जोंधळा. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ज्वाळा निवून रसरशीत निखारा झाला की त्या आगटीत कणसे खुपसायची, आणि हिरव्या बोंडांवर तांबूस-काळे ठिपके उमटताच ती बाहेर काढून हात पोळत असतानाच पोत्यावर किंवा तळहातांत चोळायची. चोळणाऱ्याचे कसब येथेच दिसते, कारण कणीस निवले तर दाणा सुटत नाही आणि अधिक भाजले तर चिवट होतो. फुंकर घालून कोंडा उडवला की हिरवागार, वाफाळलेला दाणा समोर येतो. त्यासोबत जवसाची किंवा कारळ्याची चटणी, लसणाचे तिखट, गुळाचा खडा आणि मडक्यातले दही. याहून अधिक काही मांडण्याचा मोह यजमानाने आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हुरड्याच्या कोवळ्या गोडीला फरसाण आणि शेव यांची गर्दी मानवत नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे ज्वारीचे कोठार म्हणून ख्यात. दुर्भिक्षात सरकारी अंबारखाना रयतेस लुटू देणाऱ्या दामाजीपंतांचे गाव तेच. बिदरच्या बादशहाच्या हिशेबात असलेले धान्य त्यांनी हिशेबाबाहेर काढले आणि त्याकरिता प्राण पणाला लावले, ही कथा त्या मुलखातील माणूस आजही ज्या आपलेपणाने सांगतो, तो ऐकला की अन्नाची मालकी कोणाची, या प्रश्नाचा निवाडा तेथल्या लोकांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे असे वाटते.

लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागांत, तसेच सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे, मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळा अमावास्या किंवा येळवस साजरी होते. शेताच्या मध्यभागी कडब्याची कोप उभारून, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडून उभ्या पिकाची पूजा होते, आणि मग सारे घर शेतातच जेवायला बसते. त्या जेवणातली भज्जी हा एक अपूर्व पदार्थ आहे: तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि त्या आठवड्यात रानात मिळेल ती पालेभाजी एकत्र शिजवून, डाळीचे पीठ आणि ताक लावून ती दाटसर करतात. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबवलेली, लसूण-जिऱ्याच्या वासाची थंडगार आंबील. नोकरीनिमित्त शहरात गेलेली माणसे या दिवसासाठी गावी येतात, ज्याला शेत नाही त्याला शेजारी बोलावतो, वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवून घेतात. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन शेताला फेरी घालतात. महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीवरच्या लेखनात या सणाला दोन ओळींच्या पलीकडे जागा मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सह्याद्री उतरून रायगडात आलो की शाळूची जागा वाल घेतो आणि आगटीची जागा पोपटी. अलिबाग, पेण, रोहे या बाजूला भातकापणीनंतर त्याच जमिनीत ओलीवर वाल होतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा उग्र वासाचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, क्वचित मसाला लावलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबून ते मडके पालथे घालतात व भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवतात. पाण्याचा थेंबही घालायचा नसतो. शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावरच सारे शिजते. बाहेरून मडक्यावर पाणी शिंपडून ते चर्र वाजले की पोपटी झाली, असा जाणत्यांचा शिरस्ता.

खानदेशात जळगावकडची मोठी, हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, हिरवी मिरची-लसणासह कुटून होणारे भरीत आणि कळण्याची पुरी यांचा अंमल असतो. विदर्भात तुरीच्या सोल्यांची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी आणि कांदा घरात परत येतात त्या चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्यही भरीत-रोडग्याचाच. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांवर या दिवसांत रात्रंदिवस चुलवाण धडधडते. जळव्या चिपाडे सारतो, रानभेंडीच्या चिकाने वर आलेली मळी काढली जाते, आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत चाचपणाऱ्या गुळव्याच्या शब्दावर सारे आधण उतरते. त्याच्या थोडे आधी काढलेली काकवी गरम भाकरीवर घेण्यासाठी मी थोराघरचे पक्वान्नही आनंदाने सोडीन.

रानातला हा स्वयंपाक बहुतांशी पुरुष करतात आणि त्याचे कौतुकही होते. घरातल्या चुलीपाशी जी पराकाष्ठा चालते तिची वाच्यता त्या मानाने कमी. बाजरीत स्नेहांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते, म्हणून थोडे थोडे दळावे लागते. पिठात चिकटपणा नसल्याने ते गरम पाण्यात तळहाताच्या टाचेने मळमळून भाकरी थापावी लागते. भोगीच्या दिवशी त्याच भाकरीवर तीळ येतात आणि सोबत सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, बोरे यांची, तिळकूट घातलेली मिसळीची भाजी. संक्रांतीचा काटेरी हलवा हा तर संयमाचा कळस. मंद शेगडीवरच्या परातीत तीळ किंवा खसखस पसरून, त्यावर साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडत, उघड्या बोटांनी दाणे हलवत राहायचे. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, हवा दमट असली की काटा धरत नाही. कोरड्या थंडीवाचून तो काटा नीट येत नाही, आणि बोटांच्या टोकांना फोड आल्यावाचून परात उतरत नाही. नव्या सुनेच्या अंगावर चढणाऱ्या हलव्याच्या दागिन्यांची वाहवा करताना ही पोळलेली बोटे कोणी पाहावीत.

डिंकाच्या लाडवांचीही तीच कथा. धावड्याचा डिंक कढत तुपात फुलवायचा, खारीक कुटायची, खोबरे किसून भाजायचे, हा उद्योग घरातल्या स्त्रिया दुपारच्या उन्हात बसून करतात, आणि त्या उन्हातच गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली, वाळत घातलेली गोधडी आणि पाढे म्हणणारी मुलेही असतात. हिवाळ्याची घरगुती सुखे बिनखर्चाची आहेत: तांब्याच्या बंबातले धुरकट वासाचे कढत पाणी, सूर्योदयापूर्वी उतरवलेली नीरा, गवती चहा आणि आले घातलेला पहिला पेला, हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून तिखट-मीठ-तेलात कालवलेला घोळाणा. त्याच हरभऱ्यावर रात्री पातळ फडके पसरून पहाटे दवाने भिजलेले ते पिळले की आंब मिळते, आणि पोटदुखीवरचे औषध म्हणून ती बाटलीत भरून ठेवण्याची तजवीज जाणत्या बायका याच दिवसांत करतात.

आता वाटाणा बारमाही मिळतो, बर्फात गोठवलेला हुरडाही शहरातल्या दुकानांत दिसतो, आणि रस्त्याकडेच्या शेतांवर तिकीट लावून हुरड्याच्या पंगती झडतात. शेतकऱ्याच्या पदरात त्यामुळे चार पैसे पडत असतील तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. चिंता आहे ती निराळी, बियाण्याची. गूळभेंडी, सुरती, वाणी हे हुरड्याचे खास गोड वाण. त्यांपासून मुख्य पिकासारखे भरघोस उत्पन्न मिळावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. शाळूच्या मोठ्या शेतात, बांधाच्या कडेने, घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी म्हणून त्यांच्या चार-दोन तासांची, म्हणजे ओळींची, पेर असे, आणि पुढच्या साली बियाणे म्हणून निवडलेली कणसे घरातली म्हातारी आढ्याला टांगून ठेवी.  ज्यांच्या बांधाकडेला ती तासे अजून आहेत, त्यांनी पौषात पाहुण्यांना पोटभर खाऊ घालावे, आणि शेजाऱ्याने मागितले तर मूठभर बियाणेही द्यावे.