गाथेंतील निश्चल बलाका

हाल सातवाहनाच्या नांवावर चालत आलेल्या गाथासप्तशतीच्या पहिल्या शंभरांतील चौथी गाथा एका पक्ष्याची आहे. कमळाच्या पानावर बलाका, म्हणजे बगळ्याच्या जातीची पक्षिणी, न हलतां बसली आहे; जणूं निर्मळ पाचूच्या पात्रांत ठेवलेली शंखाची शिंप. पहिल्या अर्धांत 30 व दुसऱ्यांत 27 मात्रा, एवढ्या जागेंत हिरव्यावर पांढरा रंग ठेवून कवि थांबतो.

मम्मटानें काव्यप्रकाशाच्या दुसऱ्या उल्लासांत ही गाथा घेतली ती या चित्रासाठीं नव्हे. पक्षिणी निश्चल, अर्थात् निर्भय. निर्भय, अर्थात् तेथें माणसाची वर्दळ नाहीं. तेव्हां हें संकेतस्थान होय, असें नायिका सुचविते. अथवा, तूं येथें आलाच नव्हतास, खोटें बोलतोस, असा ती ठपका ठेविते. दोन्ही प्रसंग अगदीं निराळे. मूळांत मात्र नायक नाहीं कीं नायिका नाहीं. ‘पाहा’ अशा अर्थाचें एक क्रियापद तेवढें आहे, आणि कोणी कोणास म्हटलें हा प्रश्न त्यांतूनच उद्भवतो.

अनुमानाचा पाया मात्र पक्का आहे. कामोठ्याच्या बाजूस पनवेलच्या खाडीचा चिखल ओहोटीस उघडा पडतो, तेव्हां तेथें उभा असलेला बगळा पाहावा. कमळ तेथें नाहीं, पाणीही खारें. परंतु माणूस फार जवळ सरकला कीं तो उडतो. मम्मटाचा तर्क या साध्या गोष्टीवर उभा आहे.

तथापि संकेतस्थान हा अर्थ गाथेचा कीं वाचणाराचा? माझ्या मतें वाचणाराचा. कोटि गाथांतून सातशें निवडल्या, असें संग्रहाच्या तिसऱ्या गाथेंतच म्हटलें आहे. निवडतांना प्रसंग मागें राहिले आणि गंगाधरासारख्या टीकाकारांनीं ते पुढें पुरविले. त्याची टीका निर्णयसागरच्या काव्यमालेंत 1889 सालीं छापली गेल्यापासून मूळ व टीका एकजीव वाटूं लागलीं, इतकेंच.

संग्राहकांस याचें महत्त्व आहे. वेबरनें 1881 सालीं 17 हस्तलिखितांवरून सिद्ध केलेल्या आवृत्तींत एकंदर 964 गाथा भरल्या, आणि सर्व पाठपरंपरांत समान अशा अवघ्या 430 निघाल्या. म्हणून सप्तशतीची पोथी हातीं आल्यास ‘सटीक’ एवढी नोंद पुरी पडत नाहीं. गाथांचा क्रम, अवतरणिका त्याच हातची आहे कीं मागाहून घातलेली, आणि या चौथ्या गाथेपाशीं समासांत काय लिहिलें आहे, तेवढें तरी उतरून ठेवावें.