थेंब की सुई?

बाळाचे लसीकरणाचे कार्ड हातात आले की आईवडिलांना पडणारा एक प्रश्न गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी ‘पोलिओचा डोस दिला का?’ एवढेच विचारले जाई. आता ‘थेंब द्यायचे की इंजेक्शन?’ असे विचारले जाते. खासगी दवाखान्यात सहा रोगांवरची एकत्रित सुई घेतलेल्या बाळाला रविवारी बूथवर नेऊन आणखी दोन थेंब पाजावेत का, ही त्याच प्रश्नाची पुढची पायरी. वरवर हा सोयीचा किंवा खर्चाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे सत्तर वर्षांचा वैज्ञानिक वाद आहे, आणि त्याहून अवघड असा एक नैतिक पेचही आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. संसर्ग झालेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एखाद्याच मुलाच्या मज्जातंतूंपर्यंत तो पोचतो आणि हात किंवा पाय लुळा पडतो. उरलेली मुले हसतखेळत असतात आणि नकळत विषाणू पसरवत असतात. म्हणजे लसीपुढे दोन वेगळी कामे असतात: मज्जातंतू वाचवणे आणि आतड्यातली वाढ रोखणे. पहिल्या कामाने आपले मूल वाचते, दुसऱ्याने शेजारचे. दोन लसींमधला फरक नेमका इथे आहे.

जोनास साल्क यांची लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनते आणि टोचून दिली जाते. १९५४ साली अमेरिकेत सुमारे १८ लाख मुलांनी तिच्या चाचणीत भाग घेतला आणि १२ एप्रिल १९५५ रोजी ती परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. पण पाठोपाठ कटर या कंपनीच्या काही साठ्यांमध्ये जिवंत विषाणू शिल्लक राहिल्याचे उघड झाले. त्यातून सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण दगावले. उत्पादनातल्या तपासण्या त्यानंतर कडक झाल्या. पुढे अल्बर्ट सेबिन यांनी क्षीण केलेल्या जिवंत विषाणूची, तोंडाने द्यायची लस आणली. १९५९ पासून सोव्हिएत संघात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ती स्वस्त, सुई-सिरिंज न लागणारी आणि कोणाही स्वयंसेवकाला देता येणारी होती. लसीतला विषाणू आतड्यात वाढून तिथेच पहारा बसवतो. शिवाय तो विष्ठेवाटे घरातल्या, गल्लीतल्या इतर मुलांपर्यंत पोचून त्यांनाही काही प्रमाणात संरक्षण देतो.

भारतासारख्या देशाने थेंब निवडले ते यामुळे. १९९५ च्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. करंगळीवरची शाईची खूण घरोघरी ओळखीची झाली. पण थेंबांनाही मर्यादा होती. वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी फार आधीच दाखवून दिले होते, की श्रीमंत देशांत जेवढ्या डोसांत मूल सुरक्षित होते, तेवढे आपल्याकडे पुरत नाहीत. दाट वस्ती, वारंवार होणारे जुलाब आणि आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले इतर विषाणू, यांच्या गर्दीत लसीचा विषाणू रुजतच नाही. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये अनेक डोस घेतलेली मुलेही लुळी पडत होती. २००९ साली देशात ७४१ रुग्ण सापडले. २०१० पासून दोन प्रकारांवरची नवी लस आली, मोहिमा अधिक नेटाने राबवल्या गेल्या आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जात होते. रुग्ण नसतानाही विषाणू गटारातून वाहतो आहे का, हे त्यातून कळत असे.

आता नैतिक पेचाकडे वळू. थेंबांतला जिवंत विषाणू क्वचित आपले हरवलेले सामर्थ्य परत मिळवतो. अंदाजे २७ लाख डोसांमागे एखाद्याला लसीमुळेच पक्षाघात होतो. लसीकरण कमी असलेल्या वस्तीत हा बदललेला विषाणू मुलामुलांतून फिरत राहिला, तर साथही येते. रोगाचे हजारो बळी जात असताना ही किंमत अल्प वाटते. रोग हटत जातो तशी तीच किंमत डोळ्यांत खुपू लागते. अमेरिकेने २००० साली थेंब बंद करून फक्त सुई स्वीकारली ती याच हिशेबाने. दुसऱ्या प्रकारच्या नैसर्गिक विषाणूचा जगातला शेवटचा रुग्ण १९९९ साली अलीगढमध्ये आढळला होता. तरी त्या प्रकारचा विषाणू असलेले थेंब एप्रिल २०१६ पर्यंत जगभर दिले जात राहिले. ज्या मुलांना त्यापायी अपंगत्व आले, त्यांनी इतरांच्या सुरक्षिततेचे मोल चुकवले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

मग नुसती सुई पुरेल का? इस्रायलचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे २००५ पासून फक्त सुई दिली जात होती आणि लसीकरण उत्तम होते. २०१३ साली दक्षिणेकडच्या सांडपाण्यात नैसर्गिक विषाणू सापडला. एकही मूल लुळे पडले नव्हते. पण सुई घेतलेल्या मुलांच्या आतड्यांतून विषाणू सुखेनैव फिरत होता. अखेर सरकारने पालकांना विनंती केली, की तुमची मुले सुरक्षित आहेत, तरीही इतरांसाठी त्यांना दोन थेंब द्या. सुईने मुलाचे पाय वाचतात, गटार स्वच्छ होत नाही.

भारताचे आजचे उत्तर आहे दोन्ही. सरकारी वेळापत्रकात जन्मताच आणि ६, १०, १४ आठवड्यांना थेंब मिळतात, १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बूस्टर. नोव्हेंबर २०१५ पासून सुईही त्यात आली. जगभर तिचा तुटवडा पडल्यावर भारताने पूर्ण मात्रेच्या पाचव्या हिश्शाचा डोस त्वचेत टोचण्याचा मार्ग अवलंबला. तो ६ आणि १४ आठवड्यांना देतात. २०२३ पासून नवव्या महिन्यातही. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादच्या मुलांवरील अभ्यासात दिसले, की आधी थेंब घेतलेल्या मुलाला सुई दिली, तर आतड्यातला पहाराही पुन्हा कडक होतो. म्हणजे या दोन लसी एकमेकींच्या सवती नाहीत, जोडीदार आहेत.

त्यामुळे खासगी दवाखान्यात सुई घेतलेल्या बाळालाही पल्स पोलिओच्या दिवशी थेंब द्यावेत. जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष असलेली मुले याला अपवाद. त्यांच्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात नैसर्गिक विषाणू अजून टिकून आहे. २०२२ साली न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुण व्यक्तीला पक्षाघात झाला, तोही थेंबांतून उलटलेल्या विषाणूमुळे आणि जिथे वीस वर्षे थेंब दिलेच जात नव्हते अशा देशात.

जगातून नैसर्गिक विषाणू गेला की थेंबही थांबवावे लागतील. ते या लसीचे अटळ भवितव्य आहे. तोवर बूथवर उघडणारे प्रत्येक छोटे तोंड स्वतःबरोबरच न पाहिलेल्या कुणा मुलासाठीही उघडते.