म्हाताऱ्या माशीचे पुन्हा शिकणे

नातवंड मांडीवर आले की आपल्याला तरतरी येते, हा आपला अनुभव असेल. मधमाशीचेही काहीसे तसेच आहे. मकरंदासाठी हिंडणाऱ्या माशीचे पंख सुमारे दोन आठवड्यांत झिजतात. नवे शिकण्याची शक्तीही ओसरते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठात ग्रो आमदाम यांच्या गटाने पोळ्यातून अळ्या सांभाळणाऱ्या तरुण माश्या काढून घेतल्या. तेव्हा काही वयस्क माश्या बाहेरची भ्रमंती सोडून पुन्हा संगोपनाला लागल्या. १० दिवसांनी त्यांच्यातील जवळजवळ निम्म्यांची शिकण्याची क्षमता लक्षणीय सुधारली होती आणि मेंदूतील काही प्रथिनेही बदललेली आढळली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातील एक प्रथिन मानवी शरीरातही असते. माशीवरून माणसाचे निदान करू नये. चालू औषधे चालूच ठेवावीत. मात्र आजींनी मटार सोलायला मागितले, तर ‘तुम्ही बसा’ म्हणू नये.