सामना संपल्यावर काय बोलाल?

मैत्रिणींनो, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. ते पाहून आमच्या कॉलनीतल्या गृहिणींनाही शाळेतले दिवस आठवले आणि बघता बघता बाराजणींचा संघ उभा राहिला. संघ जमवणं सोपं असतं हो! तो टिकणं मात्र सामन्यानंतर काय बोललं जातं यावर असतं, असं माझं अगदी ठाम मत आहे.

तुम्हीच आठवून पाहा. हरून परत येताना पहिलं वाक्य कोणतं कानावर पडतं? "अगं, तू जरा नीट उठली असतीस तर..." आमच्याकडे सगळं खापर तळमजल्यावरच्या वहिनींवर फुटलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून "गुडघा दुखतोय" म्हणून यायच्याच बंद झाल्या. गुडघा ठणठणीत होता, हे सर्वांना ठाऊक होतं. सासूबाईंची औषधं, मुलांचे डबे, सगळं सांभाळून त्या बाईनं स्वतःसाठी काढलेला तो एकुलता एक तास. तो असा एका वाक्यापायी गेला.

मग आम्ही एक रीत पाडली. सामन्याच्या दिवशी सामन्याबद्दल अक्षर काढायचं नाही. चहा-पोहे खाऊन सरळ घरी जायचं. दुसऱ्या दिवशी चार वाजता गच्चीवर सतरंजी टाकून बसायचं. बोलायला सुरुवात सर्वांत धाकटीनं करायची, कर्णधारबाईंनी सर्वांत शेवटी. कारण मोठं माणूस आधी बोललं की बाकीच्या नुसत्या माना डोलावतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, वर्गात हे रोज पाहते. आणि 'कोण चुकलं' हे विचारायचं नाही, 'कुठं आणि केव्हा चुकलं' एवढंच विचारायचं. त्यासाठी वही हवी. ती धरण्याचं काम माझ्याकडे आहे. कितव्या मिनिटाला गडी बाद झाला, कोणत्या खांबाजवळ, फाऊल कोणत्या चौकोनाशी, एवढं लिहिलं तरी पुरतं.

त्या हरलेल्या सामन्याचं पान उघडलं. नऊ मिनिटांच्या आक्रमणात आमचे सात फाऊल, त्यांतले चार वहिनींच्याच चौकोनाशी! "बघा, म्हटलं नव्हतं?" असं कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. पण पहिली पाळी धाकटीची होती, नि ती शेजारच्याच चौकोनात बसते. ती म्हणाली, "काकूंचं काय चुकलं? ताई त्यांच्या पुढं गेल्यावर खो देतात."

ताई म्हणजे आमची सर्वांत वेगवान खेळाडू! वेगाच्या भरात त्या बसलेल्या गड्याच्या रेघेपलीकडे जायच्या आणि मागं वळून खो द्यायच्या. नियमानं तो फाऊलच. फाऊल झाला की उलट दिशेला जावं लागतं आणि तेवढ्यात पळणारी बाई आरामात सुटते. असे तीन फाऊल झाले. चौथ्या वेळी वहिनी बिचाऱ्या धास्तीनं खो मिळायच्या आधीच उठल्या. ताईंचा चेहरा जरा उतरला खरा, पण संध्याकाळी वही घेऊन वहिनींकडे त्या स्वतःच गेल्या. दोघींचं काय बोलणं झालं ते त्या दोघींनाच माहीत. सोमवारी वहिनी मैदानावर हजर!

एका बैठकीत सुधारायची गोष्ट मात्र एकच निवडा. पुरण पातळ झालं तर आपण डाळ, गूळ, कणीक सगळं एकदम बदलत नाही. बदललं तर बिघडलं कशानं ते कळणारच नाही. आम्ही दोन आठवडे फक्त 'रेघेआधी खो' हाच सराव केला.

कुणाचा मुलगा मोबाईलवर सामना टिपत असेल तर जरूर टिपू द्या. पण वही आधी आणि चित्रफीत नंतर. चित्रात पाय दिसतात, पण बसलेलीच्या मनात काय चाललं होतं ते दिसत नाही. आणि ती फीत घरच्यांच्या ग्रुपवर टाकू नका बरं का! नवरेमंडळींच्या शेऱ्यांवर कुठल्याच संघाची प्रगती झालेली मी पाहिलेली नाही.

पुढच्या सामन्यात फाऊल सातावरून दोनावर आले. हरलो, पण एकाच गुणानं. या खेपेला वहीत दुसरंच निघालं. आमची तिसरी पळणारी बाद झाली की पुढच्या तिघींनी समोरच्या संघाचे दोन खो व्हायच्या आत मैदानात उतरायचं असतं. आमच्या तिघी बाकावर पदर खोचत, पाणी पीत बसलेल्या! एक उशिरा आली म्हणून न खेळताच बाद. आता दुसरी बाद होताच पुढच्या तिघींनी रेघेजवळ उभं राहायचं ठरलंय, आणि त्यांना हाक मारण्याचं काम वहिनींनी मागून घेतलंय. त्यांचा आवाज दुसऱ्या गल्लीपर्यंत जातो.