नेट्रम फॉसच्या गोळीत क्षार असतो तरी किती?

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा मखमलाबादच्या बाजूला मिसळ खायला जा, बसायला जागा मिळेपर्यंत ताटकळावं लागतं. झणझणीत रस्सा, वर शेव, पुन्हा तर्री, शेवटी जिलेबी. दुपारी आडवं झालं की छातीत जळजळ आणि आंबट ढेकर सुरू. मग अनेक घरांत फडताळातून बाराक्षारांपैकी एक बाटली निघते: नेट्रम फॉस, ६ एक्स. चार गोळ्या जिभेवर ठेवायच्या आणि विरघळू द्यायच्या. पित्तावर हा उपाय घरोघरी इतका रुळलाय, की त्या गोळीत नेमकं काय असतं हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं.

नेट्रम फॉस म्हणजे सोडियम फॉस्फेट, साधा पांढरा क्षार. बाराक्षार पद्धत जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गचे डॉक्टर विल्हेल्म शुसलर यांनी १८७३ साली मांडली. पेशींमधल्या खनिज क्षारांचा तोल बिघडला की आजार होतो आणि तोच क्षार अत्यल्प प्रमाणात दिला की तोल सावरतो, असं त्यांचं म्हणणं. आपली पद्धत होमिओपॅथी नाही, हे शुसलर स्वतः बजावून सांगत, कारण समानाने समान बरं करायचं हे होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचं सूत्र तिच्यात नाही. तरी औषध बनवण्याची रीत त्यांनी होमिओपॅथीचीच घेतली, आणि आपल्याकडे या बाटल्या होमिओपॅथीच्याच दुकानात मिळतात.

आता ती रीत पाहू. एक भाग क्षार आणि नऊ भाग दुग्धशर्करा खलात घालून बराच वेळ घोटायची. झालं १ एक्स. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नऊ भाग दुग्धशर्करेत घोटला की २ एक्स. असं सहा वेळा केलं की ६ एक्स, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग मूळ क्षार. त्या भुकटीच्या गोळ्या पाडतात.

हिशेब सोपा आहे. गोळी १०० मिलिग्रॅमची धरली तर तिच्यात क्षार ०.१ मायक्रोग्रॅम. उरलेलं सगळं दुग्धशर्करा. एक ग्रॅम सोडियम फॉस्फेट पोटात जायला अशा एक कोटी गोळ्या खाव्या लागतील आणि त्यांचं वजन भरेल एक टन. उलट, पेलाभर दुधात फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे ज्या क्षाराची उणीव भरून काढायची, तो या गोळीच्या लाखो पटींनी आपण चहा-पोळीतूनच घेत असतो. शरीरातली उणीव भरणं हे काम या गोळीच्या आवाक्यातलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ती आम्ल तरी मारते का? शुसलर यांचा तर्क असा, की हा क्षार शरीरातल्या लॅक्टिक आम्लाचं विघटन करतो. पण जठरातलं आम्ल हायड्रोक्लोरिक असतं आणि हे विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्येच दाखवलं होतं. जठररस दिवसाला दीड-दोन लिटर पाझरतो. खाण्याचा सोडा त्यातलं थोडं आम्ल लगेच मारतो, कारण तो ग्रॅमच्या मापात जातो; ढेकर येते तीही त्यातूनच सुटणाऱ्या वायूची. मायक्रोग्रॅमच्या अंशाने तसं काही होत नाही.

पचनाच्या तक्रारींवर होमिओपॅथीच्या चाचण्या झाल्याच नाहीत असं नाही. आतड्याच्या कुरबुरीवरच्या, म्हणजे आयबीएसवरच्या, चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१३ मध्ये निघाला. त्यातल्या दोन जर्मन चाचण्या १९७६ आणि १९७९ सालच्या, आणि औषध कोणतं, तर आपल्या फोडणीतलं हिंग! थोडा फायदा दिसला, पण चाचण्या लहान आणि कच्च्या होत्या, त्यामुळे ठाम निष्कर्ष काढता आला नाही. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये एकूण पुरावा तपासून सांगितलं, की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत नाही.

तरी माणसं ‘मला गुण आला’ म्हणतात, आणि ती खोटं बोलत नाहीत. मिसळीनंतरची जळजळ दोन-तीन तासांत बहुतेकदा आपोआप ओसरते. गोळी घेणारा उठून बसतो, रात्री हलकं जेवतो, चहा कमी करतो. अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप ढिली पडली की आम्ल वर येतं. सरळ बसल्यावर ते खाली राहतं. आणि दर तासाला कुणी काळजीने गोळ्या हातावर ठेवतंय, यानेही बरं वाटतंच. श्रेय मात्र बाटलीला जातं.

एवढ्यावर थांबलं तर कुणाचं नुकसान नाही. गोळीतली साखर थोडीच असते. ज्यांना दूध अजिबात सोसत नाही त्यांनी मात्र ती दुधातलीच शर्करा आहे हे ध्यानात ठेवावं. धोका आहे तो वाट पाहण्यात. जळजळीमागे जठरव्रणही असू शकतो, आणि त्याच्या मुळाशी बहुधा हेलिकोबॅक्टर जिवाणू किंवा रोजच्या वेदनाशामक गोळ्या असतात. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना या जिवाणूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. ठरावीक दिवस प्रतिजैविकं घेतली की तो बहुतेकांत जातो, आणि घोटलेल्या क्षाराने जात नाही.

नाशिक हे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं गाव. १९९८ पासून ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी या तिन्ही शाखांच्या पदव्या इथूनच मिळतात. तेव्हा तुमचे डॉक्टर कोणत्याही शाखेचे असोत, ही लक्षणं त्यांना लगेच सांगा: डांबरासारखी काळी शौच, उलटीत रक्त, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. कितीही दिवस गोळ्या चालू असल्या तरी यांवर एन्डोस्कोपी लांबवू नका. आणि छातीतली जळजळ घाम, धाप किंवा डाव्या हातातल्या कळांसह आली, तर बाटली शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि आधी ईसीजी काढा.